डावी बाजू ताईची

नाही नाही, त्या गाडीच्या सुट्या दाराला टेकू नका, डॉक्टर, ओलं आहे अजून — लागलं ना? वळा बघू. खांद्याला थोडंसं. थिनरनं निघेल, पण मग शर्टाचा रंगही त्याच्याबरोबर निघेल, तेव्हा राहू द्या, कुणी विचारलं तर म्हणा फॅशन आहे. बसा. त्या स्टुलावर नको, ह्या स्टुलावर. ते मोडलंय — म्हणजे मोडलेलं नाहीये, पण त्यावर कुणी बसत नाही. हां. तर मी काय सांगत होते? गुरुवार. तुमचं म्हणणं, दाराला एवढासा ओरखडा, वर फेंडरला थोडा, गेटच्या खांबाला गाडी घासली, त्याला गुरुवारपर्यंत कशाला? तुम्ही दातांचे डॉक्टर ना? मग मला सांगा, पुढचा एकच दात बसवायचा असला तर तुम्ही पेशंटला खुर्चीतून उठवून खिडकीशी नेता की नाही? नेता. शेजारच्या दाताशी ताडून बघता. आणि एवढं करून तो घरी जातो, आरशात हसून बघतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमच्या दारात. माझंही तेच आहे हो, फक्त माझा पेशंट तोंड मिटत नाही, रस्त्यात उन्हात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसतो.

साधी पांढरी गाडी असती तर संध्याकाळी दिली असती. साधा रंग गरीब असतो, कसाही मारा, कुठूनही बघा, पांढरा तो पांढराच. पण ही तुमची मेटॅलिक — इकडे या. या हो, डबा चावत नाही. हा तुमच्याच गाडीचा रंग, झाकण आत्ताच काढलंय. वरून काय दिसतं? करडा, मरगळलेला, भांडी घासलेल्या पाण्यासारखा. आता ही काडी घालते आणि एकदाच फिरवते. बघा, बघा — दिसल्या रेघा? चकचकीत, रेशमासारख्या, काडीच्या मागोमाग धावतायत. मी आत काही टाकलं का? नाही. यात ॲल्युमिनियमचे पापुद्रे असतात, अगदी बारीक, पिठाहून बारीक, पण गोल नाहीत, चपटे. आत्तापर्यंत कोण उभा, कोण आडवा, कोण तिरका असे पडले होते, म्हणून करडं दिसत होतं. रस हलला तसे सगळे त्याच्या ओढीला लागून एका दिशेला झोपले आणि चमकले. आता थांबलं, बघा, पुन्हा मरगळ. काय? का वळतात? मलाही तेच विचारायचं होतं, आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं, इतकी वर्षं डबे ढवळले तरी.

रंगाच्या कंपनीनं एक बाई पाठवली होती — चष्मा कपाळावर, बोलायला फटकळ, पण शिकवावं तर तिनं. दोन काचा घेतल्या, मध्ये ग्लिसरीन, त्यात थोडे बारीक मणी आणि थोडे प्लॅस्टिकचे कापलेले चपटे तुकडे. खालची काच धरून ठेवायची, वरची हळूहळू सरकवायची. म्हणजे काय होतं, वरचं ग्लिसरीन पळतं, खालचं रेंगाळतं, आणि मध्ये जो कुणी सापडला त्याचं डोकं पुढं आणि पाय मागं — तो फिरणारच. मणी फिरतो तो एकसारखा, गिरणीच्या चाकासारखा, गोलच तो, त्याला कुठली बाजू धरून बसायची आहे? पण चपटा तुकडा लबाड. तो प्रवाहाच्या दिशेला आडवा झाला की ग्लिसरीनला त्याला धरायला काही सापडतच नाही, नुसती धार सापडते. मग तो पडून राहतो. पडूनच राहतो. तुम्हाला वाटतं झोपला हा, आता काही उठत नाही. आणि मग जरासा कलतो, कललं की प्रवाह पोटाला धरतो, आणि पटकन कोलांटी — डोळा मिटला तर दिसायची नाही — आणि पुन्हा आडवा. बाई म्हणाली, आयुष्यातला बहुतेक वेळ हा झोपलेला आणि उरलेला कोलांटीत. मी म्हटलं, अहो हा तर माझा धाकटा भाऊ. सगळे हसले. तोही हसला. तेव्हा तो होता इथं.

आता नाही. काढला मी त्याला. सोडा तो विषय.

चहा घेणार? नको? बरं. तर तुम्हाला हे कळायला हवं की एकच डबा, रंग फवारायची गन एकच, आणि मारणारी माणसं दोन असली तर रंग दोन होतात. का? सांगते ना. वरती बघा, कॉम्प्रेसर मधोमध, त्याला दोन नळ्या, एक डाव्या भिंतीला आवळलेली, एक उजव्या. आमच्या वडिलांनी बसवलेल्या. दोघांनी दोन्हीकडून एकदम मारायचं आणि बॉनेटवर मध्यावर भेटायचं, म्हणजे गाडी एका दमात होते. डावी बाजू माझी, उजवी त्याची. नळी पलीकडे पोचतच नाही, त्यामुळे मी कधी उजव्या बाजूला गेले नाही आणि तो डाव्या बाजूला आला नाही. अहो खरंच. एकाच शेडमध्ये इतकी वर्षं काढली, पण मला विचाराल उजव्या भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्या सालचं आहे, तर मला माहीत नव्हतं. साधे रंग होते तोवर कुणाला काही कळलं नाही. गाडीच्या दोन्ही बाजू एकदम बघतंय कोण? असा माणूस देवानं केलेला नाही.

मग ही मेटॅलिक आली. एका हॉटेलवाल्याची मोठी चंदेरी गाडी होती, आम्ही जीव ओतून केली, झाकण काढलं — म्हणजे कापड काढलं, माझं डोकं बघा, डबे बघून बघून — तर हॉटेलवाला नेमका पुढं उभा. बॉनेटकडे नुसतं बोट दाखवतो. मधोमध भांग पाडलेला. इकडे एक रंग, तिकडे दुसरा. मी माझ्या बाजूनं बघितलं आणि म्हटलं, तुझा अर्धा काळा मारलायस. तो त्याच्या बाजूनं म्हणतो, ताई, काळा तुझा आहे. माझा? मी डोळे चोळून बघितलं, त्याचाच काळा. तो म्हणाला, तुझाच. हॉटेलवाला एकदा इकडे मान वळवतोय, एकदा तिकडे. आणि आम्ही दोघं जागचे हललो नाही बरं का, पुढं जाऊन त्या माणसाच्या शेजारी उभं राहून बघावं, एवढं कुणाला सुचलं नाही. मग काय, त्यानं डबा बदलला, मी थिनर बदललं, त्यानं माझ्या गनला नावं ठेवली, मी त्याच्या डोळ्यांना. शेवटी कंपनीला फोन केला की तुमचा माल खराब आहे. म्हणून तर ती बाई आली.

ती आली, तिनं आमच्या दोघांच्या हातून एकेक पत्रा मारून घेतला आणि म्हणाली, माल ठणठणीत आहे, खोट तुमच्यात आहे, आणि तीही खोट नाही, स्वभाव आहे. म्हणजे असं — धाकटा गन लांब धरतो, हात भरभर फिरवतो, पातळ मारतो. रंगाचा थेंब पत्र्यावर आपटून पसरतो, पसरताना पापुद्र्यांना आडवं ओढतो, आणि थिनर लगेच उडून जातं, की रंग खाली बसला, आणि पापुद्रे तसेच सपाट दाबले गेले. समोरून बघा, लख्ख. बाजूनं बघा, काळाठिक्कर. आणि माझा हात जड, मी गन जवळ धरते, सावकाश जाते, ओला मारते. ओला म्हणजे वाळेपर्यंत आतल्या आत रस खालून वर, वरून खाली फिरत राहतो, आणि आडवे झालेले पापुद्रे पुन्हा उठतात, कलतात. समोरून जरा गडद, पण खोल. बाजूनं बघितलं तरी तोंड पाडत नाही. कळलं? मला त्याचा अर्धा बाजूनं दिसायचा, म्हणून काळा; त्याला स्वतःचा समोरून लख्ख, म्हणून त्याच्या शेजारी माझा काळा. दोघंही बरोबर. मला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं, डॉक्टर — म्हटलं चला, भांडण मिटलं.

मिटतंय कुठलं. आता पुढचा प्रश्न, हात कुणी बदलायचा? बॉनेट एकसारखं हवं तर एकानं दुसऱ्यासारखं मारायला शिकायला हवं. मी म्हटलं, तू बदल. तो म्हणाला, का? मी म्हटलं, मी मोठी आहे. आता यात चुकलं काय माझं? मोठी आहेच मी. लहानपणापासून मी म्हणेन त्या दिशेला तो. मी म्हटलं आज पुट्टी, तर पुट्टी. मी म्हटलं शाळा सोड आणि इकडे ये, तर आला. वर्षानुवर्षं आडवा, हूं नाही की चूं नाही. आणि त्या दिवशी पटकन उलटला. नळी भिंतीवरून सोडवली, गन पुसली, पिशवीत घातली, जातो म्हणाला. जातो काय, जेवायची वेळ झालीय. तर गेला. मी दारात उभी राहिले, त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मला अजून समजत नाही, एवढा शांत मुलगा एकदम — म्हणजे बाई म्हणाली होती ना, कलला की प्रवाहच पोटाला धरतो. पण या शेडमध्ये प्रवाह होता कुठला? इथं दुसरं होतं तरी कोण माझ्याशिवाय.

हो, आधी म्हणाले मी काढला. तुम्ही फार लक्ष देऊन ऐकता हो. दात काढताना तरी पेशंटला बोलू देता का? काढला काय आणि गेला काय, जागा रिकामी ती रिकामीच. त्याच्या भिंतीवरच्या नळीचा नट मी अजून कुणाला लावू दिला नाही, गंजतोय. मला त्याची आठवण येते, झालं? येते. नवीन माणूस ठेवला होता, स्वतःची नळी घेऊन आलेला, बरा होता, पण शिटी वाजवायचा, म्हणून घालवला. मग उजव्या बाजूची कामं घेणं बंद केलं. लोकांना सांगते कंबर दुखते. उजव्या बाजूला कंबर दुखते आणि डाव्या बाजूला नाही, असं कुणी विचारत नाही म्हणून बरं.

आता चला, तुमचं दार बघू नीट. डावीकडचं आहे तेच बरंय. बाजूला व्हा, उजेड अडवताय. हूं. हूं हूं. डॉक्टर, ही गाडी तुम्ही नवी घेतलेली नाही. जुनी घेतलीत ना? वाटलंच. हे दार माझं आहे. म्हणजे हा रंग माझा आहे, माझ्या हातचा, आधीच्या मालकानं पूर्ण गाडी आमच्याकडून करून घेतली असणार. कशावरून म्हणजे? स्वतः भरलेला दात तुम्ही ओळखत नाही? तिरकं होऊन बघा, रंग काळा पडून दबलाय का कुठं? नाही दबला. मग तुमची उजवी बाजू धाकट्याची असणार. नाही, मी तिकडे जात नाही बघायला. तुम्ही बघा. लख्ख आहे? असणारच.

पण तुम्हाला माझा पत्ता दिला कुणी? पाटी तर मी कधीच उतरवली. — कुणी? — केव्हा? — थांबा, थांबा. तुम्ही आधी धाकट्याकडे गेला होतात? आणि हे आत्ता सांगताय? मी तासभर तोंड चालवतेय आणि तुम्ही मुकाट्यानं रंगाचे धडे घेताय? शाबास. मग काय म्हणाला तो? शब्दन् शब्द सांगा. "डावी बाजू ताईची, तिच्याशिवाय कुणाला जमणार नाही"? असंच म्हणाला? ताई म्हणाला? हसत म्हणाला की कसा? तुम्हाला आठवत नाही. दिवसभर तोंडं बघणारा डॉक्टर आणि चेहरा आठवत नाही. बारीक झालाय का? दाढी वाढवलीय ना, ती त्याला शोभत नाही — नाही, मी भेटले नाही, बसमधून जाताना दिसला. दोन-तीनदा. ती बस तिकडूनच जाते. आता माझं तिकडे काही काम नसतं हे खरं, पण बस जाते त्याला मी काय करू?

आणि जमणार नाही म्हणे. त्याला न जमण्यासारखं त्यात काय आहे? आळशी, दुसरं काय. — काय? पिशवी? कुठली पिशवी? त्यानं दिलीय? मागच्या सीटवर? अहो मग आणा की. तुम्ही माणसाच्या तोंडात हात घालता आणि एक पिशवी वेळेवर देता येत नाही तुम्हाला.

द्या इकडे. जड आहे. टॉवेलात गुंडाळलंय — हा टॉवेल आमचाच, नेलाच होता तर. हे काय? पुट्टीच्या डब्यांची झाकणं, ठोकून सपाट केलेली, आणि वरून रंग मारलाय. तुमच्याच गाडीचा रंग. पाच-सहा आहेत. चला खिडकीशी. हे पहिलं बघा, हे त्याचं, आंधळ्यालाही कळेल, लख्ख. हे दुसरं — अरे अरे, हे कोणी मारलं, ओघळ आलेत, गन नाकाला लावून मारली की काय? तो असं कधी मारत नाही. तिसरं पण ओलं, आणि मध्ये बघा ढग आलेत, पापुद्रे आत फिरून फिरून घोळक्यानं बसलेत. पार बिघडवलंय. हा काय पोरखेळ लावलाय त्यानं? चौथं जरा — थांबा. चौथ्यात ढग नाहीत. गडद आहे. तिरकं केलं तर — हूं, कडेला दबतं अजून. हे माझ्यासारखं मारायला गेलाय. डॉक्टर, हा माझा हात शिकतोय.

शेवटचं कुठंय? द्या. नाही, असं नको, दाराला लावून धरा, माझ्या रंगावर. जरा खाली. धरून ठेवा, हलू नका. समोरून एकच. आता मी बाजूला जाते. एकच. खाली वाकून बघते. कड कुठं आहे? तुमचं बोट नसतं तर मला झाकण कुठं संपतं आणि दार कुठं सुरू होतं ते कळलं नसतं. हे मी मारलेलं आहे. मी मारलेलं नाही, आणि मी मारलेलं आहे.

बसते जरा. असू दे, त्याच्याच स्टुलावर बसते.

म्हणजे जमतंय त्याला. मग तुम्हाला माझ्याकडे कशाला पाठवलं? मला दाखवायला, की बघ, तुझाही हात मला येतो, आता तुझी गरज कुणाला? नाही. तसं असतं तर दार करून मोकळा झाला असता, पैसे घेतले असते, मला कळलंही नसतं. दाराला त्यानं बोटही लावलेलं नाही. झाकणं पाठवली. ओघळवालं पण पाठवलं, बिघडलेलं पण, लपवलं नाही काही. मी म्हटलं होतं तू बदल. तर हा तिकडे बसून, कुणाला न सांगता, बदललाय. केवढं मारलं असेल त्यानं, असा हात एका झाकणात येत नाही. मला आनंद व्हायला हवा की नाही? मला तर हेच हवं होतं. ऐकलं माझं. शेवटी ऐकलं.

पण मग त्याचा कुठं गेला? तो लख्ख हात — तुम्हाला माहीत नाही, सकाळच्या उन्हात त्याची बाजू अशी उठायची, लोक थांबायचे. वडील म्हणायचे, हा पोरगा फुंकर मारल्यासारखा मारतो. आणि आता जड मारत बसला असेल, माझ्यासारखा. हात एकदा मोडला ना की परत लागत नाही, डॉक्टर, मी बघितलेत असे. एक मी पुरे आहे की इथं. मी बोलून गेले रागात आणि हा मूर्ख खरंच करत बसला. मला नको आहे हे. मला अजिबात नको आहे.

फोन आहे तुमच्याकडे? त्याचा नंबर असेलच. माझ्याकडेही आहे, पण माझ्या फोनवरून उचलला नाही तर? तुमच्यावरून लावा. लावा हो, पेशंट थांबतील. वाजतोय? द्या इकडे.

हॅलो. नाही, डॉक्टर नाही. मी. — हो, मिळाली. — बघितलं. सगळी बघितली. — शेवटच्यात थिनर किती टाकलंस? — खोटं बोलू नकोस, तेवढ्यात एवढं ओलं बसत नाही. — बरं. बरं, बरं मारलंयस. — ऐक, मी काय म्हणते, ते तसलं मारणं बंद कर. आजपासून. — अरे चांगलं आहे म्हणूनच बंद कर. तू तुझं मार. एक पत्रा तुझ्या हातानं मार, लांबून, भरभर, आणि घेऊन ये, मला बघायचाय, अजून येतं का तुला. — तसं नाही रे. — मी कुठं रडतेय, थिनर आहे इथं. — एक मिनिट थांब, ठेवू नकोस.

डॉक्टर, तुम्ही बाहेर जाऊन उभे राहता का जरा? जा. दार ओढून घ्या.